सहाध्यायी दिव्यांग बालकांविषयीची अभिवृत्ती आणि तिचे शिक्षण

दिव्यांग बालकाला शाळेत स्थान मिळवून देण्याचे कार्य आपल्या देशात बऱ्याच अंशी कायद्याने केले आहे. १९९५ च्या अधिनियमाने त्याचा शिक्षणाचा हक्क मान्य केला, २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने तो व्यापक केला आणि २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करून सर्वसमावेशक शिक्षणाचा पुरस्कार केला. परंतु कायदा बालकाचे नाव हजेरीपटावर आणू शकतो. मधल्या सुटीत त्याच्याजवळ बसून डबा कोणी खावा, हे तो ठरवू शकत नाही. वर्गात असूनही एकाकी असलेल्या बालकाची शाळा ही नावापुरतीच शाळा होय. यास्तव त्याच्या सहाध्यायांची अभिवृत्ती कशी घडते, हा अध्यापनशास्त्राचा गंभीर प्रश्न ठरतो.

अभिवृत्ती म्हणजे केवळ मत नव्हे. तिला ज्ञानात्मक, भावनात्मक आणि वर्तनात्मक अशी तीन अंगे असतात. कॅनडात रोझेनबॉम, आर्मस्ट्राँग व किंग यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेली ३६ विधानांची चेडोक-मॅकमास्टर मापनश्रेणी याच विभागणीवर आधारलेली आहे. ही अंगे एकाच गतीने बदलत नाहीत. ‘सर्व मुले समान आहेत’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिणारा विद्यार्थीच खेळाचा गट पाडताना चालण्यास अडचण असलेल्या मुलाला अखेरपर्यंत वगळतो. त्याचे ज्ञान वाढलेले असते, वर्तन मात्र होते तसेच राहते.

वऱ्हाडच्या लोकव्यवहारात या विषयासंबंधी दोन परस्परविरोधी वृत्ती आढळतात. एक वृत्ती हाक मारण्याच्या रीतीत दिसते. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो; ‘आंधया’, ‘पांगया’ ही विशेषणे सहज टोपणनावे होऊन बसतात आणि मुलाचे खरे नाव मागे पडते. दुसरी वृत्ती आदराची आहे. बालपणीच दृष्टी गमावलेले माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांना याच भूमीने ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून गौरविले. वरकरणी या दोन वृत्तींत महदंतर आहे. तथापि वर्गाच्या दृष्टीने दोहोंत एक उणीव समान आहे. अवहेलना बालकाला आपल्याखाली ठेवते, तर अलौकिकत्वाचा गौरव त्याला आपल्याहून दूर नेतो. दयाही यांतलीच होय, कारण दया करणारा सदैव देणारा असतो. बालकाला हवा असतो तो बरोबरीचा सोबती, आणि त्याचे स्थान या तिन्ही वृत्तींत रिक्तच राहते.

शाळांतून प्रचलित असलेले उपायही या कसोटीवर तपासले पाहिजेत. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी भाषणे होतात. कोठे मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना अंधत्वाचा ‘अनुभव’ दिला जातो. हेतू चांगला असला, तरी परिणाम विपरीत होऊ शकतो. एरियल सिल्व्हरमन व तिच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, अशा अनुकरणानंतर डोळस व्यक्ती अंधांना काम करण्यास व स्वतंत्रपणे राहण्यास अधिक असमर्थ समजू लागल्या. कारण उघड आहे. पट्टी बांधलेल्या मुलाला पहिल्या क्षणाची भीती तेवढी कळते. वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळविलेले कौशल्य त्याला कळत नाही.

मग अभिवृत्ती बदलते कशाने? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलेल्या संपर्क-सिद्धांताप्रमाणे केवळ सहवास पुरेसा नसतो. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा या चार अटी असतील, तर पूर्वग्रह कमी होण्याची शक्यता वाढते. पेटिग्रू व ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यावरून असे दिसते की संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः कमी होतो आणि या अटी पाळल्या असता परिणाम अधिक होतो.

या अटी नित्याच्या पाठात कशा आणाव्या, याचे एक उदाहरण घेता येईल. इलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन येथे एक पद्धती योजिली. तीत पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येकाकडे एक तुकडा दिला जातो आणि सर्वांचे ऐकल्यावाचून पाठ पूर्ण होत नाही. अकोला जिल्ह्यातील एखाद्या शाळेत ‘खारपाणपट्टा’ हा विषय या रीतीने शिकविता येईल. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील भूजल खारे का, अशा पाण्याने ओलीत केल्यास जमीन का बिघडते, कोरडवाहू कापूस व तूर यांवर भर का, पिण्याचे पाणी दूरच्या धरणांतून नळाने का आणावे लागते, आणि त्याच पूर्णेचे पाणी श्रावणात गांधीग्रामहून कावडीने राजराजेश्वरास का नेतात, असे त्याचे पाच भाग पडतात. अल्पदृष्टी विद्यार्थी गावातील वृद्ध शेतकऱ्यांना विचारून विहिरींची माहिती तोंडी जमवील. कर्णबधिर विद्यार्थिनी पूर्णाखोऱ्याचा नकाशा काढून आपला भाग त्यावरून समजावील. मात्र दिलेला भाग खरोखर आवश्यक असला पाहिजे. नावापुरते काम दिले तर ते मुलांच्या तत्काळ लक्षात येते व दया पुन्हा वर्गात शिरते.

शाळेबाहेरील भेटींसही हेच तत्त्व लागू आहे. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह उभारले. २०२४ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. या बालगृहास अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे एक संस्थापक अंबादासपंत वैद्य यांचे नाव आहे. तेथील मुलांनी परिसरात झाडे लावून वाढविली आहेत. अशा ठिकाणी खाऊ वाटून परतणारा विद्यार्थी दातृत्व शिकतो. तेथील मुलांकडून रोप लावण्याची रीत शिकून, त्यांच्या बरोबरीने खड्डा खणणारा विद्यार्थी सहकार्य शिकतो.

या सर्वांत शिक्षकाचे वर्तन निर्णायक असते. तो मुलाला नावाने हाक मारतो की व्यंगाने, मदत करण्यापूर्वी त्याला विचारतो की नाही, त्याची चूक इतरांच्या चुकीप्रमाणेच दुरुस्त करतो की सोडून देतो, हे वर्ग पाहत असतो. ऑलपोर्ट यांची चौथी अट येथेच पाळली किंवा मोडली जाते.

या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ प्रश्नावलीवर विसंबू नये. मुले शिक्षकांना आवडेल असे उत्तर देतात. शिवाय भाषांतरित मापनश्रेणीची विश्वसनीयता मराठीत, आणि मेळघाटात कोरकू भाषिक मुलांसाठी, स्वतंत्रपणे तपासावी लागते. मोरेनो यांच्या समाजमितीप्रमाणे ‘तुला कोणाबरोबर काम करावयास आवडेल?’ असे विचारावे, ‘कोण नको?’ हा प्रश्न मात्र टाळावा, कारण तो विचारण्यानेच इजा होते. त्याच्या जोडीला मधल्या सुटीचे व मैदानाचे निरीक्षण अनेक आठवडे करावे. उपक्रमापूर्वी एकटे बसणारे मूल उपक्रम संपल्यानंतर दोन महिन्यांनी कोणाबरोबर बसते, याची नोंद कोणत्याही गुणांकापेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा ठरेल.