खडकावरचं शहर : ओर्व्हिएतो (भाग सहावा) – आधी पाणी, मग दुओमो

या आठवड्यात दुओमो, म्हणजे शहराचं कॅथीड्रल, असं मागच्या भागाच्या शेवटी लिहिलं होतं. दुओमो पुढच्या आठवड्यात. मध्येच एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने माझा सगळा आठवडा घेतला.

हे गृहस्थ सह्याद्रीतले गड हिंडणारे. गडावर पोचलं की आधी पाण्याची टाकी शोधायची, ही त्यांची सवय. त्यांनी विचारलं आहे : रोमनांनी वेल्झ्नाला, म्हणजे त्या वेळच्या ओर्व्हिएतोला, वेढा घातला आणि शहर अखेर उपासमारीने पडलं, असं तुम्ही लिहिलंत. उपासमारीने का? तहानेने का नाही? चहूबाजूंनी कडा तुटलेल्या त्या खडकावर एवढी माणसं पाणी कुठलं पीत होती?

प्रश्न लाखमोलाचा आहे. ओर्व्हिएतोवरच्या प्रवासपुस्तकांत पाण्याचा विषय येतो तो एका प्रेक्षणीय विहिरीपुरता, तोही दुओमोची पंधरा पानं झाल्यावर. माझं मत उलटं आहे. या शहराला दुओमो मिळायच्या कितीतरी आधी पाणी मिळालं, आणि ते मिळालं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

सुरुवात खडकापासून करू. ओर्व्हिएतो ज्या तुफोवर उभं आहे तो पहिल्या भागात आला आहेच : बोल्सेनाच्या बाजूच्या ज्वालामुखींनी फेकलेली राख आणि दगडगोटे, काळाच्या ओघात घट्ट झालेले. या तुफोच्या खाली चिकणमाती आहे. इथे समुद्र होता तेव्हा साचलेली, जाड, पाण्याला थारा न देणारी. पावसाचं पाणी तुफोतून झिरपत खाली जातं, मातीवर येऊन अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणजे ओर्व्हिएतोला पाण्याचा तोटा कधीच नव्हता. अडचण एवढीच, की पाणी खाली आणि माणसं वर. शांततेच्या दिवसांत खाली उतरून घागर भरून आणता येते. वेढा पडला की तेच झरे शत्रूच्या छावणीला पाणी पाजतात.

रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या एट्रुस्कनांनी यावर काढलेला उपाय आजही हात लावून बघता येतो. त्यांनी तुफोत आड खणले. विहिरी म्हणवत नाहीत इतके अरुंद : साधारण ८० सेंटीमीटर रुंद आणि १२० सेंटीमीटर लांब, आयताकृती, सरळ खाली गेलेले. समोरासमोरच्या दोन भिंतींत पाय रोवायला खोबण्या कोरलेल्या असतात. एक पाय या भिंतीत, दुसरा त्या भिंतीत, असं करत माणूस उतरायचा आणि चढायचा. आड इतका अरुंद का, याचं उत्तर त्या खोबण्यांतच आहे. याहून रुंद झाला असता तर माणसाचे पाय दोन्ही भिंतींना पोचले नसते. शिवाय पावसाचं पाणी साठवायला खडकातच टाकी कोरलेली होती. वेल्झ्ना तहानेने पडलं नाही ते यामुळे. इसवी सनपूर्व २६४ मध्ये मार्कुस फुल्व्हियुस फ्लाकुसने शहर घेतलं तेव्हा आतलं धान्य संपलं होतं. पाणी खडकातून काढता येतं, गहू काढता येत नाही.

शहराच्या पोटात आज बाराशेच्या आसपास गुहा, तळघरं आणि भुयारं मोजलेली आहेत. तेलाचे घाणे, वाइनची तळघरं, कबुतरं पाळण्यासाठी भिंतीत ओळीने कोरलेले कोनाडे, सगळं त्यात येतं. त्यांच्यावर एक स्वतंत्र भाग लिहायचा आहे, म्हणून इथे थांबतो.

मध्ययुगात, तेराव्या शतकात, शहराने अल्फिनाच्या पठारावरून जलवाहिनी आणली. त्या काळासाठी ते मोठं धाडस होतं, कारण पाणी आधी दरीत उतरवून पुन्हा खडकावर चढवायचं होतं. पण अशी जलवाहिनी सतत डागडुजी मागते, आणि युद्धात तर ती एका रात्रीत तोडता येते. कालांतराने ती निकामी झाली. नेमका त्यानंतर या खडकावर एक असा माणूस येऊन राहिला, ज्याला वेढ्याची दहशत बसली होती.

तो माणूस म्हणजे पोप क्लेमेंट सातवा, मूळचा जुलिओ दे मेदिची. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. पोप कसाबसा कास्तेल सांतांजेलोत शिरला आणि पुढचे कित्येक महिने तिथेच अडकून पडला, आधी वेढ्यात आणि नंतर कैदेत. डिसेंबरात तो वेष पालटून निसटला आणि ओर्व्हिएतोला आला. रोमच्या दुःखात त्याने दाढी वाढवली आणि ती मरेपर्यंत ठेवली. सेबास्तियानो देल प्योम्बोने काढलेल्या त्याच्या उत्तरकाळातल्या चित्रांत ती दिसते.

ओर्व्हिएतोतला त्याचा मुक्काम हलाखीचा होता. १५२८ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे दूत स्टीफन गार्डिनर आणि एडवर्ड फॉक्स त्याला इथेच भेटले. हेन्रीला कॅथरीनशी झालेला विवाह रद्द करून हवा होता, आणि कॅथरीन ही ज्याच्या फौजेने रोम लुटलं त्याच चार्ल्सची मावशी. पोपची कोंडी यावरून लक्षात यावी. दूतांनी मायदेशी कळवलेलं वर्णन वाचताना वाईट वाटतं : पडझड झालेला वाडा, उघड्या भिंती, महागाई, अन्नाची टंचाई. इंग्लंडचा इतिहास ज्या विवाहप्रकरणाने बदलला, त्याची बोलणी या गळक्या खोल्यांत झाली, ही गोष्ट ओर्व्हिएतोत फिरताना कोणी आवर्जून सांगत नाही. सांगायला हवी.

अशा अवस्थेत क्लेमेंटने पाण्याचं काम काढलं. शत्रू इथवर आला तर खडक आपल्याला वाचवेल, पण पाण्याविना किती दिवस, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. शहराच्या पश्चिमेकडच्या व्हिया देल्ला काव्हा या उताराच्या रस्त्यावर एट्रुस्कनांनी खणलेला एक जुना आड होता. तिथली विहीर त्याने वापरात आणवली. ती ३६ मीटर खोल आहे. १६४६ मध्ये ती बुजवून बंद केली गेली आणि १९८४ मध्ये पुन्हा सापडली. रुंद गोल विहिरीला चिकटून एट्रुस्कन आडाचा चौकोनी कापा आणि त्यातल्या खोबण्या तिथे स्वच्छ दिसतात. मला ही जागा फार आवडते. दोन काळांच्या हत्यारांच्या खुणा एकाच भिंतीवर बघायला मिळतात.

पण मोठं काम शहराच्या पूर्व टोकाला, रोक्का या किल्ल्यापाशी निघालं. ते सोपवलं होतं धाकट्या आंतोनिओ दा सांगाल्लोकडे. रोममधला फार्नेझे प्रासाद उभारणारा आणि सेंट पीटरच्या बांधकामाचा प्रमुख झालेला हा वास्तुविशारद. त्याच्यापुढचं कोडं असं : सुमारे ५३ मीटर खोलीवरून एका शहराला पुरेल इतकं पाणी रोज वर आणायचं. दोर आणि बादलीने ते जमणार नाही, खेचरं लागणार. खेचर जिन्याने उतरेल, पण जिना गोल आणि अरुंद. ओझं घेऊन चढणारं आणि रिकामं उतरणारं जनावर समोरासमोर आलं, तर एकानेही मागे फिरायचं कसं?

सांगाल्लोने एका विहिरीभोवती दोन जिने गुंफले. दोरीचे दोन पेड एकमेकांभोवती पिळावेत तसे ते खाली जातात, एकमेकांना कुठेही न छेदता. माथ्यावर दोन दारं, एकमेकांच्या बरोबर समोर. एका दाराने उतरायचं, तळाशी पाण्यावरचा छोटा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या जिन्याने चढून दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं. रांग कधी तुटत नाही, कोणी कोणाला आडवं येत नाही. पायऱ्या २४८. त्या रुंद, ठेंगण्या आणि किंचित उतरत्या आहेत, कारण त्या माणसाच्या नाही, खेचराच्या पावलाच्या मापाच्या आहेत. उतरताना आपली चाल आपोआप बदलते. एका पायरीवर एक पाऊल पुरत नाही आणि दोन टाकली तर लय बिघडते.

बाहेरून बाहेर मोजलं तर विहिरीचा व्यास १३ मीटर. मधला भाग आकाशाकडे उघडा. जिने आणि हा मधला पोकळ भाग यांच्यातल्या भिंतीत सत्तरेक कमानदार खिडक्या आहेत आणि जिन्यांवर उजेड येतो तो त्यांतूनच. वरच्या टप्प्यात सांगाल्लोने तुफो नुसता कापला, कारण तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. खाली चिकणमाती लागली तशी विटांची बांधणी सुरू होते. उतरताना भिंतीवर हात फिरवत गेलात तर हा बदल बोटांना कळतो. शहराचा भूगर्भ समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पाणी लागलं तेव्हा क्लेमेंट हयात होता. त्या निमित्ताने बेन्व्हेनुतो चेल्लिनीने पोपसाठी पदक घडवलं. त्यावर मोझेस काठीने खडकातून पाणी काढतो आहे आणि लोकांनी प्यावं म्हणून, अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. वेढ्याच्या भीतीने खणलेल्या विहिरीवर लोकांच्या तहानेचं नाव घातलं गेलं, आणि पुढे ते खरं ठरलं. क्लेमेंट १५३४ मध्ये वारला. विहीर पूर्ण झाली १५३७ मध्ये, पोप तिसऱ्या पॉलच्या काळात. माथ्यावरच्या बैठ्या, गोल बांधकामावर त्याच्या फार्नेझे घराण्याची लिलीची फुलं म्हणूनच आहेत. दारावरच्या लेखाचा आशय असा, की निसर्गाने या दुर्गाला जे नाकारलं ते माणसाच्या उद्यमाने मिळवून दिलं. गड हिंडणाऱ्या माझ्या वाचकांना हा लेख नक्की आवडेल.

मूळ नाव रोक्काची विहीर. आज ती सेंट पॅट्रिकची विहीर म्हणून ओळखली जाते. आयर्लंडमधल्या लॉख डर्ग सरोवरातल्या बेटावर एक गुहा होती. तिथून मृतात्म्यांच्या शुद्धिस्थानाकडे वाट जाते, अशी मध्ययुगीन युरोपची श्रद्धा होती. त्या गुहेचं नाव पुढे या खोल विहिरीला चिकटलं. आयर्लंडच्या संताचा ओर्व्हिएतोशी याहून जास्त संबंध नाही.

आता माझा एक जुना आग्रह. रोमला जाऊन आलेल्या पुष्कळ वाचकांकडे व्हॅटिकन संग्रहालयातल्या गोल जिन्याचा फोटो असतो, वरून खाली बघून काढलेला, आणि त्याखाली ब्रामान्तेचं नाव. तो जिना ब्रामान्तेचा नाही. तो जुझेप्पे मोमोने १९३२ मध्ये बांधला. ब्रामान्तेचा जिना त्याच संग्रहालयात दुसरीकडे आहे, सोळाव्या शतकाच्या आरंभीचा. त्यावरूनही जनावरं चढवता येत, पण त्याचा पीळ एकच. चढणारे आणि उतरणारे यांची गाठ पडू न देणारी दुहेरी रचना मोमोच्या जिन्यात आहे आणि तिच्या चारशे वर्षं आधी ती सांगाल्लोच्या विहिरीत आहे. तरुण सांगाल्लो ब्रामान्तेच्या हाताखाली काम केलेला. फ्रान्समधल्या शाम्बोर राजवाड्यातला दुहेरी जिनाही याच काळातला, पण तो राजाच्या दिमाखासाठी. ओर्व्हिएतोचा जिना खेचरांसाठी बांधला म्हणून मला तो या सगळ्यांत मोठा वाटतो. त्यात शोभेसाठी केलेलं काही नाही आणि तरी तो इतका देखणा आहे.

पाण्याची गोष्ट विहिरीबरोबर संपत नाही. १८८८ मध्ये खालच्या रेल्वे स्टेशनापासून वर शहरापर्यंत दोरावर चालणारी गाडी सुरू झाली. ती बांधली अभियंता आणि पुरातत्त्वज्ञ अदोल्फो कोत्सा याने. ती पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, त्या वजनाने तो खाली येताना दोराने खालचा डबा वर ओढायचा, आणि तळाशी पोचल्यावर पाणी सोडून द्यायचं. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली.

आणि मग १९७० च्या दशकात त्याच पाण्याने शहर धोक्यात आणलं. कड्याचे तुकडे सुटू लागले, उतार घसरू लागले. तुफोच्या भेगा आणि खालची निसरडी माती ही मूळ कारणं. त्यांत भर पडली ती फुटक्या नळांतून आणि जुनाट गटारांतून खडकात मुरणाऱ्या पाण्याची. १९७८ मध्ये इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतो आणि शेजारच्या तोदीसाठी खास कायदा केला. कडा लोखंडी दांड्यांनी बांधून काढला गेला, नळ आणि गटारं बदलली गेली. दुओमो आज उभा आहे त्याचं श्रेय जसं मध्ययुगीन शिल्पींना, तसं या गटारांच्या कामाला. तिकडे कोणी कॅमेरा रोखत नाही, पण मी त्या कामाला दुओमोच्या बरोबरीने मान देतो.

ओर्व्हिएतोला जाणार असाल तर क्रम असा ठेवा. दोरगाडीने वर आलात की समोर बस उभी असते आणि सगळे तीत बसून थेट दुओमोला जातात. तुम्ही बसू नका. विहीर तिथून काही पावलांवर आहे. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, अंगावर काहीतरी घ्या. गुडघे दुखत असतील तर विचार करा, कारण उतरलेल्या २४८ पायऱ्या तितक्याच चढायच्या असतात आणि मध्ये बसायला जागा नाही. मग चालत शहरात शिरा आणि व्हिया देल्ला काव्हाची विहीर बघा. दुओमो त्यानंतर, दुपार ढळल्यावर. त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि त्यावरची सोनेरी मोझेइक उतरत्या उन्हात सर्वांत चांगली दिसतात.

पुढच्या आठवड्यात १२९० पासून सुरुवात, म्हणजे दुओमोच्या पायाभरणीपासून. पाण्यासंबंधी आणखी काही विचारायचं असेल तर पत्रं त्याआधी पाठवा.