हंगामानंतर चार दिवस समुद्राकाठी



ऊस विकास विभागाच्या या पानावर दर वेळी बेणे, खत, पाणी, नाहीतर हुमणी, एवढेच विषय असतात. या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे, त्याला कारण आहे. गाळप संपले, ऊस तुटून गेला, खोडव्याला पहिले पाणी बसले की आपल्याकडची बरीच मंडळी चार दिवस कोकणात उतरतात. दोन-तीन घरांनी मिळून एक गाडी करायची, फोंडा घाट नाहीतर गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा आणि मालवण गाठायचे. जातात ते उत्तमच. पण तिथे जाऊन करतात काय? दिवसभर गाडीतून खाली उतरायचे नाही, जेवायला तिथेही तांबडा-पांढरा रस्सा शोधायचा आणि संध्याकाळी एकदम धावत समुद्रात शिरायचे. या तिन्ही गोष्टी मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे कुणाला नावे ठेवण्याचा प्रश्न नाही.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत माझ्या रक्तातली साखर वाढलेली निघाली. आमच्या शेतकी विभागातली मंडळी म्हणाली, "साहेब, उतारा चांगला लागला." थट्टा सोडा, पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, अहो, आम्ही शेतातली माणसे, आमचे चालणे होतेच की. मग घरी येऊन प्रामाणिकपणे हिशेब घातला. बांधापर्यंत मोटारसायकल. विहिरीवरची मोटर घरात बसून मोबाईलवर चालू. पूर्वी पाणी धरायला रात्रभर सरीतून फिरायचो, आता ठिबकचा कॉक फिरवला की झाले. आपल्यापैकी कितीतरी जणांचे असेच आहे. समुद्राकाठचा फायदा हा की तिथे चालणे हे काम वाटत नाही. वारा असतो, पुढे काहीतरी बघायला असते, माणूस नकळत तीन-चार किलोमीटर जाऊन येतो.

मात्र चालायचे केव्हा, हे भरती-ओहोटीवर ठरते. त्याचा हिशेब आपल्याला अगदी सोपा, कारण तिथी आपल्या घरात रोजच्या वापरातली. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीला पाऊणने गुणले म्हणजे भरतीची वेळ निघते. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेनऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग.

ओहोटीला ओली घट्ट वाळू उघडी पडते, चालायला ती बरी. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूतून चालणे म्हणजे नांगरटीच्या ढेकळांतून चालण्यासारखे. सपाट रस्त्यापेक्षा साधारण दुप्पट शक्ती लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी तिकडे फार जाऊ नये. आणखी एक, किनारा पाण्याकडे उतरता असतो. म्हणून ज्या रेषेतून गेलो त्याच रेषेतून परत यावे, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा ताण येतो. साखर असलेल्यांनी अनवाणी चालू नये. शिंपल्याने कापलेले कळत नाही आणि जखम चिघळते.

चालण्यासाठी दुसरी उत्तम जागा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने जायचे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. बरेच जण दरवाजातून आत जाऊन फोटो काढतात आणि त्याच होडीने माघारी येतात. तसे करू नका. तटावरून वेळ काढून फिरा, सगळा तट मिळून सुमारे तीन किलोमीटर भरतो. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत : दूध बाव, दही बाव आणि साखर बाव. बाव म्हणजे विहीर. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध साखर बाव! आपल्या सभासदांनी ती पाहिल्याशिवाय परत येऊ नये.

आता जेवणाकडे येतो. मालवणात जाऊन पनीर आणि तंदुरी रोटी खाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. मासे खाणारेही हॉटेलात बसल्याबरोबर पापलेट नाहीतर सुरमई मागतात, कारण दुसरी नावे ठाऊक नसतात. खरे म्हणजे विचारावे, आज बंदरावर काय आले आहे? बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त मासे ताजे असले तर चवीला कुठेही कमी नाहीत आणि अंगालाही फार चांगले. बांगड्याचे तिखले करतात त्यात तिरफळ घालतात. त्याचा वास पहिल्या घासाला आपल्याला नवा लागतो, दुसऱ्या घासाला ते नसेल तर चुकल्यासारखे होते. होड्या लागायच्या वेळी बंदरावर जाऊन लिलाव बघावा. मासा घेणार असाल तर डोळा चमकदार, कल्ले लालभडक आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, एवढे पाहावे.

पापलेटाला 2023 साली आपल्या राज्याचा राज्यमासा ठरवले आहे. त्यात हौसेपेक्षा काळजी जास्त होती, कारण पूर्ण वाढ होण्याआधीच, अंडी घालण्याआधीच तो पकडला जातो. आठ महिन्यांचा कोवळा ऊस तोडून गाळायला आणला तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. ताटात तळहातापेक्षा लहान पापलेट आले तर पुढच्या वेळी मागू नका. जून-जुलैमध्ये समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते ती याचसाठी. त्या दिवसांत बहुतेक करून बर्फातला मासा मिळतो.

शाकाहारी मंडळींचे तर मार्च ते मे सोनेच असते. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी आणि भात, सकाळी उकड्या तांदळाची पेज. सोलकढी सगळ्यांनीच प्यावी. कोकमाचे आगळ, नारळाचा रस, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ, एवढ्यावर होते. भगिनींनी परत येताना आगळाची बाटली आणावी. सरबताची नव्हे, कारण सरबत म्हणजे साखरेचा पाक. साखरवाल्यांना ते चालत नाही. (साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे वाक्य लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते, पण खरे ते खरे.) खापरोळी मात्र अर्धी तरी खाऊन बघा. नारळाच्या रसात गूळ असतो, आणि कोकणात लागणाऱ्या गुळातला बराचसा आपल्या घाटमाथ्यावरूनच उतरतो. आपला माल दुसऱ्याच्या ताटात कसा लागतो हे कळते.

पहाटे लवकर उठलात तर रापण बघायला मिळेल. होडीतून अर्धगोल जाळे टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. सहकार म्हणून आपण जे शिकलो ते तिथे वाळूवर फार जुने आहे. तिथल्या मंडळींना विचारून दोराला हात लावा. अर्ध्या तासात खांदे भरून येतात. मी लावला होता, तेव्हा मला चार तारल्या मिळाल्या. पगारापेक्षा त्यांचे अप्रूप जास्त वाटले.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसलो ते. गेल्या वर्षी आमच्याबरोबर माझा एकोणीस वर्षांचा भाचा होता. पाठीला डबा बांधून तो सहाव्या वर्षी विहिरीत पोहायला शिकलेला, आता काठावरून सूर मारतो. तारकर्लीला संध्याकाळी ओहोटी लागली होती. एके ठिकाणी लाटा फुटत नव्हत्या, पाणी शांत आणि जरा काळपट दिसत होते. तो तिथेच शिरला आणि मीच म्हणालो, हो, तिथे बरे आहे.

तीच जागा वाईट असते. कारण समजून घ्या. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधते. पाण्याखाली वाळूचा बांध असतो. त्या बांधाला जिथे खांड पडलेली असते तिथून सगळे पाणी जोराने समुद्राकडे ओढले जाते, जसे भरलेल्या वाफ्याचे पाणी फुटलेल्या बांधातून जाते. खांडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि वरून शांत दिसते. भाचा बघता बघता लांब गेला. तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत होता आणि मागेच जात होता. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओरडत होतो, दुसरे काही सुचत नव्हते.

एका होडीवाल्याने धावत येऊन हाक दिली, "आडवो जा रे, आडवो! सरळ येव नको!" पोराने ऐकले म्हणून वाचला. किनाऱ्याला समांतर वीस-पंचवीस हात गेला, ओढ संपली, मग लाटांनीच त्याला आत आणले. वाळूवर बसून तो बराच वेळ ओकत होता. होडीवाला मला एवढेच म्हणाला, "भाऊ, ह्यो दर्या आसा, बाव न्हय."

तेव्हा पोहता येणाऱ्यांनीही गुडघ्याच्या वर जाण्याआधी तिथल्या माणसाला जागा विचारावी. ओहोटी लागल्यावर, अंधारात, भरल्या पोटी किंवा पिऊन पाण्यात जाऊ नये. ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. अंग पाण्यावर सैल सोडून आडवे निघा, आणि दम संपला असेल तर तरंगत राहून हात वर करा. खाऱ्या पाण्यात अंग विहिरीपेक्षा सहज तरंगते. दुसरा वाहताना दिसला तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि होडीवाल्याला बोलवा.

जाताना घरी पाण्याच्या पाळीला कुणीतरी ठेवून जा. आणि वळवाचा पहिला मोठा पाऊस पडायच्या आत परत या. संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, ते गोळा करायला माणसे कमी पडतात. त्याबद्दल सविस्तर पुढच्या अंकात.

— ऊस विकास अधिकारी