ट्रॅक्टरला बाहेरून टर्बो बसवावा का?



"भरलेली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टर दम टाकतो, काळा धूर सोडतो. टर्बो बसवून घेतला तर जमेल का?" असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. खर्चात पडण्याआधी टर्बो काय करतो आणि काय करीत नाही, हे नीट समजून घ्या.

टर्बोचे काम

डिझेल एकटे जळत नाही, त्याला हवा लागते. एक लिटर डिझेल पुरते जळायला कमीत कमी १०,००० लिटर हवा लागते. म्हणजे २०० लिटरची ५० पिंपे! साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच मिळते. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की काळा धूर पडतो. तो धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल, तुमच्याच खिशातले.

टर्बो म्हणजे लोहाराचा भाता समजा. भाता हाताने चालतो, टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोराने. एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. एक धुराने फिरते, दुसरे ताजी हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरेही घेतो. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीचा डी-१९ हा ट्रॅक्टर १९६१ साली कारखान्यातूनच टर्बो लावून बाजारात आला.

घोटाळा कोठे होतो?

नुसता भाता हलवून भट्टी तापत नाही, कोळसाही घालावा लागतो. तसेच येथे आहे. नुसत्या हवेने धूर कमी होतो, पण ताकद फारशी वाढत नाही. ताकद वाढते ती पंपातून डिझेल वाढविल्यावर. मिस्त्री पंप वाढवून देतो आणि तेथेच इंजिनावर दुप्पट ताण येतो: एक उष्णतेचा, दुसरा दाबाचा.

टर्बोसाठी तयार केलेल्या इंजिनात पिस्टन, बेअरिंग, हेड गॅस्केट हे सर्व त्या ताणाच्या हिशेबाने बनविलेले असते. पुष्कळ इंजिनांत पिस्टनला खालून ऑइलची धार मारून थंड ठेवतात. जुन्या साध्या इंजिनात ही सोय बहुधा नसते. चार दिवस ट्रॅक्टर जोरात पळतो, आणि ऐन नांगरटीत गॅस्केट उडते किंवा पिस्टन चिकटतो. वाफसा निघून जातो आणि ट्रॅक्टर गॅरेजात! इंजिन टिकले, तरी क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल जुन्याच ताकदीचे असतात.

आधी हे तपासा

१. एअर क्लीनर साफ करा. ऑइलचा असेल तर गाळ काढून नवे ऑइल खुणेपर्यंत भरा.
२. डिझेल फिल्टर बदला. नोझल तपासून घ्या.
३. टॅपेट जुळवून घ्या. रिंगा झिजल्या आहेत का ते पाहा.
४. ब्रेक चिकटत नाहीत ना, टायरमध्ये हवा पुरेशी आहे ना, हे बघा.
५. ट्रॉली बेताची भरा. चढ लागण्याआधीच लहान गिअर टाका.

पुष्कळ ट्रॅक्टरांचा दम एवढ्यानेच परत येतो.

तरीही बसवायचाच असेल तर

झिजलेल्या इंजिनाला टर्बो मुळीच लावू नका. टर्बो त्याच इंजिनाच्या मापाचा हवा. त्याला ऑइल दाबाने मिळाले पाहिजे, आणि परतीची नळी रुंद व सरळ उताराची हवी. हवेच्या नळीला बारीकशी चीरही चालत नाही. धूळ आत गेली की चक्राची पाती खराब होतात.

ट्रॅक्टरची नोंद आरटीओकडे असते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे वाहनात मनाने बदल करता येत नाही. म्हणून आधी आरटीओकडे व विमा कंपनीकडे विचारा. नाहीतर अपघातात भरपाई अडकू शकते.

कारखान्यातूनच टर्बो लावून आलेला ट्रॅक्टर असेल, त्यांनीही एक सवय लावून घ्यावी. जड कामानंतर इंजिन एकदम बंद करू नका. दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवा. नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जळून त्याची कोंडी होते. ऑइलही कंपनीने सांगितलेलेच वापरा.

जास्त ताकद वर्षातून चार-आठ दिवसच लागत असेल, तर ते काम मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्या. रोजच लागत असेल, तर त्या ताकदीचाच ट्रॅक्टर पाहा. गोऱ्ह्याला खुराक वाढविला म्हणून लगेच त्याच्या मानेवर मोटेचे ओझे देत नाहीत. इंजिनाचेही तसेच आहे.