कायदा घटनेला धरून आहे कीं नाहीं?

"सरकारनें केलेला हुकूम चूक म्हणून कोण ठरविणार?" असें विद्यार्थी आम्हांस पुष्कळ वेळां विचारतात. उत्तरादाखल आम्ही देवळालीची हकीकत सांगतों.

६ जानेवारी १९५४ रोजीं मुंबई सरकारनें हुकूम काढला कीं, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढें अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांच्याच मुलांस घ्यावें. त्यानंतर देवळालीच्या बार्न्स हायस्कुलांत दोन मुलांस प्रवेश नाकारावा लागला. एक मुलगी भारतीय ख्रिस्ती. घरची भाषा इंग्रजी, पण ती अँग्लो-इंडियन नव्हे. दुसरा मुलगा गुजराथी हिंदू. शाळेचे चालक व पालक उच्च न्यायालयांत गेले आणि जिंकले. सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत अपील केलें.

अशा वेळीं हुकूम शहाणपणाचा आहे कीं नाहीं हें तोलणें न्यायाधीशांचें काम नव्हे. त्याचा राज्यघटनेशीं मेळ बसतो का, एवढेंच ते पाहतात. घटनेच्या १३ व्या कलमाप्रमाणें मूलभूत हक्कांशीं विसंगत असा कायदा त्या विसंगतीपुरता रद्द ठरतो; आणि 'कायदा' या शब्दांत सरकारी हुकूमही येतो. २९ वें कलम म्हणतें कीं, सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळेंत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारतां येणार नाहीं.

सरकारची बाजू अगदींच पोकळ नव्हती, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. देशी भाषांचा उत्कर्ष व्हावा हा हेतु, कोणाचा द्वेष नव्हे, असें त्याचें म्हणणें. शिवाय २९ वें कलम अल्पसंख्याकांपुरतेंच आहे, असाही युक्तिवाद झाला. २६ मे १९५४ रोजीं न्यायालयानें दोन्ही अमान्य केले. तें कलम प्रत्येक नागरिकासाठीं आहे. आणि हेतु निराळा, कारण निराळें. हेतु कितीही चांगला असो, मुलास दारांतून परत पाठविण्याचें प्रत्यक्ष कारण त्याची मातृभाषा इंग्रजी नाहीं, हेंच होतें. (त्या मुलीस तर भाषाही नव्हे, कूळच आडवें आलें!)

आणखी एक गोष्ट निघाली. ३३७ व्या कलमान्वयें अँग्लो-इंडियन शाळांस त्या काळीं खास अनुदान मिळे, पण दरसाल निदान शेंकडा ४० प्रवेश इतर समाजांस खुले ठेवण्याच्या अटीवर. घटनेनें घातलेली अट सरकारी हुकुमानेंच पाळूं द्यावयाची नाहीं, असा हा प्रकार होता. हुकूम टिकला नाहीं, आणि शाळेचें दार अशा मुलांस पुन्हां मोकळें झालें.