क्रमनियम, पत्त्यांच्या खेळांतील

कोणते पान केव्हा खेळता येते आणि खेळलेल्या पानांचा परिणाम कोणत्या क्रमाने ठरतो, हे सांगणारे नियम. पाने तीच असूनही क्रम बदलल्याने डावाचा निकाल उलटू शकतो. म्हणून हे नियम सर्व खेळाडूंना आधीच मान्य असावे लागतात.

महाराष्ट्रात सावंतवाडी येथील दशावतारी गंजीफा हे याचे जुने उदाहरण होय. या खेळातील १२० वाटोळ्या पानांचे दहा रंग असून प्रत्येक रंगात राजा, वजीर व एक ते दहा अंकांची पाने असतात. पाच रंगांत वजिराखाली दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का श्रेष्ठ मानतात. दिवसा रामाचा आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल, तो पहिली उतारी करतो. येथे वेळेवरून आरंभ व श्रेणीवरून निकाल ठरतो. पडलेले पान दुसऱ्या पानाने रद्द होत नाही.

संग्राह्य पत्त्यांच्या खेळांत मात्र एका पानाला दुसऱ्याने उत्तर देता येते. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात काही मंत्रपत्ते केवळ स्वतःच्या पाळीत, तर तत्काल मंत्र प्रतिपक्षाच्या पाळीतही खेळता येतात. मंत्र लगेच फळत नाही. तो चळतीवर ठेवला जातो. त्यावर प्रतिपक्ष आपला मंत्र ठेवू शकतो. सर्वांनी ओळीने नकार दिला, की सर्वांत वरचा, म्हणजे शेवटी ठेवलेला मंत्र प्रथम निकालात निघतो. चळतीचा हा नियम १९९९ मध्ये आला. उदा., तीन बळाच्या प्राण्यावर तीन गुणांचा आघात योजला असता त्याच्या धन्याने उत्तरादाखल तीन बळ वाढविणारा मंत्र टाकला, तर आधी बळ वाढते व प्राणी वाचतो. याउलट बळाचा मंत्र आधी टाकला आणि आघात उत्तरादाखल आला, तर प्राणी मरतो व बळाचा मंत्र वाया जातो.

या नव्या खेळाचे नियम छापील असून स्पर्धांत वाद सोडविण्यास पंच असतात. गंजीफाचे नियम मुख्यतः खेळणाऱ्यांच्या स्मरणात टिकले. सावंतवाडीत पाने आजही रंगविली जातात, परंतु ती बव्हंशी शोभेसाठी घेतली जातात. क्रम जाणणारे उरले नाहीत, तर पाने राहूनही खेळ लोपेल.