औषध-कारखान्यांची पारख

पोत्यात परखी खुपसावी, तळहातावर दाणे पसरावेत आणि ओल, कीड, खडे पाहून भाव ठरवावा, हा आम्हां धान्य-व्यापाऱ्यांचा नित्याचा व्यवहार. औषधांची परीक्षाही अशीच होत असावी, असा पुष्कळांचा समज आहे. तो अपुरा आहे. तपासणीसाठी फोडलेली गोळी विकावयास उरत नाही. सबब लाखांतील मोजक्याच गोळ्या तपासता येतात. म्हणून उत्तम औषधनिर्मितीचे नियम तयार मालाबरोबरच त्याच्या घडणीवर नजर ठेवतात. आपल्या देशात हे नियम औषध नियमावलीच्या अनुसूची ‘एम’मध्ये असून डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारून जाहीर झाले.

निरीक्षकाने प्रथम गुदाम पाहावे. आलेला कच्चा माल मंजूर होईपर्यंत निराळा ठेवला आहे काय? पिंपावरील चिठ्ठी आणि आतील द्रव एकच, यास पुरावा कोणता? मग हवा, पाणी, भांड्यांची सफाई; आणि सर्वांत महत्त्वाची नोंदवही. प्रत्येक बॅचची नोंद काम होताक्षणी, करणाऱ्याच्याच सहीने व्हावयास हवी. एकाच बैठकीत भरलेली महिन्याची वही अनुभवी निरीक्षक ओळखतो. जुना मुनीमही ओळखतो!

पिंपावरील चिठ्ठीचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीन म्हणून दिलेल्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या मध्यप्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, त्याच विषाने खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. मर्यादा शेकडा ०.१ ची; तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेस आढळले शेकडा ४८.६! तेथील त्या कारखान्याची मग तपासणी झाली, तीत तीनशेहून अधिक उणिवा निघाल्या. इतक्या उणिवा एका रात्रीत उद्भवत नाहीत. त्या आधी कोणाच्या दृष्टीस कशा पडल्या नाहीत, हा प्रश्न त्या मातापित्यांनी कोणास विचारावा?

आमच्या मते पूर्वसूचना देऊन केलेली तपासणी म्हणजे पाहुण्यांसाठी सारवलेले अंगण. निरीक्षक अकस्मात यावा, आणि त्याने कारखान्याच्या आकारापेक्षा जोखमीकडे पाहावे. डिसेंबर २०२२ पासून केंद्र व राज्यांचे निरीक्षक मिळून जोखमीनुसार कारखाने निवडून तपासू लागले, हे योग्यच झाले. सुधारित नियमांसाठी लहान व मध्यम कारखानदारांस दिलेली वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती.