हेल्मेट आपल्या डोक्याचं हवं

हेल्मेटचं नाव काढलं की आपल्या तक्रारी ठरलेल्या: डोकं दुखतं, अंबाडा मावत नाही, मान अवघडते. आणि पुष्कळदा यामागचं कारण इतकंच असतं, की ते हेल्मेट आपलं नसतंच. नवऱ्याचं, नाहीतर मुलाने टाकलेलं जुनं. बांगड्या भरताना आपण सव्वादोन की अडीच हे ठणकावून सांगतो. डोक्याचं माप मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

मागे बसणारीच्या वाट्याला तर जुनंसुद्धा येत नाही. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागच्या बाईच्या डोक्यावर पदर! मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. दंडाचं सोडा, पण साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला पक्कं धरायला काय असतं? गतिरोधकावर गाडी उसळली की तोल तिचाच आधी जातो.

हेल्मेटच्या बाहेरच्या टणक कवचाखाली थर्माकोलसारखा जाड थर असतो. खरं काम तो करतो. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतः सोसतो. पण त्यासाठी हेल्मेट त्या क्षणी डोक्यावर असायला हवं ना? ढगळ हेल्मेट, किंवा पट्टा न लावलेलं, आधीच उडून पडतं.

म्हणून शिवणाची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण एक इंच, आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात फुगीर, तिथून गोल फिरवा. येईल ते माप सेंटिमीटरमध्ये दुकानदाराला सांगा. हेल्मेट घातल्यावर गाल जरा दाबले गेले पाहिजेत. आतली गादी वापराने थोडी बसते. आता दोन्ही हातांनी ते डावी-उजवीकडे फिरवून पाहा. गालाची, कपाळाची कातडी सोबत हलली तर माप बरोबर. पट्टा लावून मागची कड धरून पुढे ओढा. निघून आलं तर ते नको. आणि दहा मिनिटं डोक्यावर तसंच राहू द्या, दुकानदार कंटाळला तरी. कपाळावर एकाच जागी टोचायला लागलं तर आकार वेगळा आहे, दुसऱ्या बनावटीचं मागा. चष्मा असेल तर तो नेऊन घालून बघा.

केसांचं काय? वर बांधलेला अंबाडा किंवा मोठा क्लिप असला की हेल्मेट डोक्यावर बसत नाही, नुसतं टेकतं. मानेवर खाली सैल वेणी घाला, पिना काढा. स्कार्फ बांधायची सवय असेल तर पातळ सुती बांधा, आणि माप घेतानाही तोच डोक्यावर असू द्या. केस ओले असताना मात्र घालू नका, आतून कुबट वास येतो.

माझं मत विचाराल तर हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या. अर्धं हलकं वाटतं, पण तोंडावर पडलं तर जबडा उघडाच. काच पारदर्शक असावी. काळ्या काचेतून संध्याकाळी खड्डा दिसत नाही.

रस्त्याकडेला ताडपत्रीवर मांडलेली स्वस्त हेल्मेटं पाहून मोहात पडू नका. १ जून २०२१ पासून आपल्या देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. खोटे स्टिकरही मिळतात, म्हणून तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून पाहा. मुलीला शिकवलंत तर ती दुकानातच पाहून देईल.

आतलं अस्तर निघत असेल तर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. कवच पुसायला पेट्रोल किंवा थिनर नको. आणि एकदा अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी आतला थर चेपलेला असतो, तो पुन्हा फुगत नाही. ते टाकताना पट्टा कापून टाका, नाहीतर भंगारातून ते पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर चढतं.